स्प्लेंडरवरचा पोरगा

कोडोली,
५ जानेवारी २०२२

ती. पारूअक्का,
गणपाचा दंडवत.

पत्र मिळालं. तू विचारलंयस, एसटी संपावर हाय, मग तू त्या रक्त धुवायच्या मशीनला कोल्हापूरला जातोस तरी कसा? अक्का, त्याला डायलिसिस म्हणत्यात. मंगळवारी आन् शुक्रवारी, पहाटेच्या पहिल्या पाळीला. चुकवून चालत न्हाय. डॉक्टरनं तोंडावर सांगितलंय, एक पाळी चुकली तर पाय सुजतील, दुसरी चुकली तर मला दोष द्यायचा न्हाय.

जातो गाडीवरनं. आपल्या विश्वजितची स्प्लेंडर हाय की. मे महिन्यात पोरगं कोरोनात गेलं तवापासनं गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलीती. पुसली, तेल घातलं, किक मारली तर लगेच चालू. अंगणात तो आवाज ऐकून तानाबाई, आईच ती, चुलीपुढनं उठून बाहेर आली आन् दारातच बसली. दोघंबी रडलो, खोटं कशाला सांगू. पण गाडी झ्याक हाय.

थंडी मात्र हाडं फोडणारी. स्वेटरच्या आत छातीवर कालचा पेपर घालायचा, वर जर्किन, कानाला मफलर. तरी बोटं लाकडागत हुत्यात. त्यात परत लॉकडाऊन लागणार म्हणत्यात. लागू दे. मशीनला काय लॉकडाऊन न्हाय.

एक गोष्ट तुझ्याशी बोलायची हाय. सुनेच्या वडलांचा, आकाराम पावण्यांचा, गगनबावड्यासनं फोन आलता. म्हणत्यात, जावई गेलं, पोरगी तरणी हाय, तिला तितं ठेवून काय करताय? रथसप्तमीला न्यायला येतो. स्वप्नाली गुणाची पोर हाय अक्का. पण थोरली तू. विश्वजितच्या लग्नाचा शब्दबी तूच दिलावतास. आता पाठवायची का ठेवायची, ते तूच सांग. तू म्हणशील ते आमाला आन् पावण्यांनाबी मान्य.

तुझा,
गणपा

•

शिरोळ,
११ जानेवारी

गणपास,
आशीर्वाद.

"जातो गाडीवरनं" म्हणं! चालवतंय कोण, ते गिळलंस. मी बहिरी हाय रे, येडी न्हाय.

आमच्या गल्लीतल्या शालूबाईचा जावई त्याच्या आईला घेऊन त्या दवाखान्यात गेलता. त्यानं तुला बघितलं. घरी येऊन पाटीवर लिहून सांगितलं मला सगळं. स्प्लेंडर एक बारकेला पोरगा चालवत होता. डोक्याला हेल्मेट, तोंडाला मास्क, अंगात दुसऱ्याच्या मापाचं जर्किन. मागं तू. आन् दोघांच्या मधी उशी! उशी कशाला रे? हनिमूनला चाललावतास का झोपायला?

पण पुढचं ऐकून मला भरून आलं. त्या पोरानं तुला हाताला धरून उतरवलं, खाली वाकून तुझ्या पायातली चप्पल नीट केली, तुझी पिशवी काखेत मारली आन् आत नेलं. जावई म्हणाला, पोटचा पोरगा असं करत न्हाय. कुणाचा रे तो? त्याला पोटभर जेवायला घालतीया का तानाबाई?

आता स्वप्नालीचं. माझं ऐकशील तर पाठव. तू म्हणशील अक्का निर्दय हाय. गणपा, मी तिच्याएवढी असतानाच कपाळ पुसून बसले. तवापासनं संक्रांत आली की मी दाराला आतनं कडी लावते. बायका हळदीकुंकवाला शेजारच्या दारात जात्यात, माझ्या दारावरनं पुढं जात्यात. ऐकू येत न्हाय हे बरं, पण दिसतंय की. तुमच्या घरात राहिली तर ती दुसरी पारू हुईल. बापाघरी जाऊ दे, बाप पुढचं बघंल.

रात्रीची संचारबंदी लागलीया म्हणत्यात. पोलिसांशी हुज्जत घालू नकोस. तुझं तोंड मला ठावं हाय.

पारू

•

कोडोली,
१५ जानेवारी

ती. अक्कास,
संक्रांतीचा तीळगूळ घे. पत्रात वडी चिकटली असंल तर चाटून खा.

व्हय, पोरगा हाय एक. आपल्यातलाच हाय. जेवतो आमच्यातच. आन् तू म्हणतीस बारकेला, पर त्याची छाती बघायला पायजे हुतीस.

गेल्या मंगळवारचं सांगतो. टोप गावाच्या पुढं धुकं असं पडलंवतं, की गाडीचा उजेड भिंतीवर मारल्यागत परत अंगावर यायचा. मी मागं बसून देवाचं नाव घेतोय. एकदम पोरानं गाडी पार हळू केली. म्हणाला, "मामा, उसाचा वास येतोय. ताज्या तुटलेल्या उसाचा. पुढं कायतरी उभं हाय." मला काय वास न्हाय आन् काय न्हाय. चार हात पुढं गेलो तर बघतोय काय, उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच पंक्चर होऊन उभी! मागं ना लाल दिवा, ना रेडियम. दुसरा कोण असता तर आज तू माझ्या तेराव्याला यायला गाडी शोधत बसली असतीस.

पोरगा नुसता कडंनं गेला न्हाय बघ. गाडी बाजूला लावली, माझा लाल मफलर मागितला, त्या ट्रॉलीच्या मागं उसाला बांधला आन् ड्रायव्हरला उठवून जो झाडला! मी तर बघतच राहिलो. मफलर गेला, पुढं कानात वारं शिरलं, पण मला थंडीच वाजली न्हाय.

शिरोलीच्या अलीकडं पोलिसांनी आडवलं. "पाचच्या आधी कुठं निघालाय? बंदी ठावं न्हाय?" माझं तोंड उघडणारच हुतं. पोरानं माझी बाही वर केली आन् मोबाइलचा उजेड हातावर मारला. सुयांनी हाताची शीर दोरीगत फुगलीया ती. साहेबानं वाकून बघितलं. म्हणाला, "जावा आजोबा." आता आमची गाडी दिसली की लांबनंच हात करतोय.

असा पोरगा जिल्ह्यात दुसरा दाखव. प्लग स्वतः साफ करतोय, चेनला तेल स्वतः घालतोय. आन् एकदाबी 'दमलो' म्हणाला न्हाय.

उशीचं विचारू नकोस. थंडीला बरी पडती.

स्वप्नालीचं तू लिहिलंस ते कळलं. तुझं दार बंद असतंय, हे मला इतकी वर्सं ठावं नव्हतं. पाठवायची तर पाठवू. पर मन घेत न्हाय, अक्का.

गणपा

•

शिरोळ,
२० जानेवारी

गणपा,
आधी खाली बस, मग वाच.

तुझं पत्र आलं तवापासनं मी एकच विचार करतीया. त्या पोराचं लग्न झालंय का? झालं नसंल तर आपली स्वप्नाली त्याला दे.

डोळं मोठं करू नकोस. मीच म्हणलेले पाठव म्हणून, आता मीच म्हणतीया थांब. बापाघरी जाऊन तरी काय हुणार? भाऊ-भावजयीच्या हाताखाली भाकरी थापंल. त्यापरास हा पोरगा बघ. आंधळ्या धुक्यात म्हाताऱ्याला सांभाळून नेतोय, स्वतःचं काम अडलेलं असताना दुसऱ्याच्या ट्रॉलीला मफलर बांधतोय. असल्या माणसाच्या घरात बाई रडत न्हाय. माझ्या वाट्याला दुसऱ्यांदा असं कोण आलं असतं तर मी गेले असते, हे आज तुला पहिल्यांदाच सांगतीया. आमाला विचारलं कुणी?

लोक काय म्हणतील? म्हणू देत की. मला तर ऐकू येत न्हाय.

जात विचारू नको, जमीन विचारू नको. आपल्यातलाच म्हणालास, मग तर प्रश्नच न्हाय. आकारामला मी लिहिते, तो माझ्या शब्दाबाहेर जायचा न्हाय. आन् स्वप्नालीला जरा जपून विचार, तुझ्या सवयीनं धाडकन सांगू नको.

पोराचं नाव काय? फोटो धाड लगेच. हेल्मेट काढून.

पारू

•

कोडोली,
२६ जानेवारी

शिरोळच्या आत्तींना,
स्वप्नालीचा नमस्कार.

तुम्ही फोटो मागितलात. सोबत पाठवलाय, हेल्मेट काढून. स्थळ मला पसंत आहे, पण एक अडचण आहे. तो पोरगा मीच हाय.

रागवू नका. मामांना आता बारीक अक्षर दिसत न्हाय. लिहितात ते अंदाजानं, मोठं मोठं. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. "पाठव" हेसुद्धा मीच वाचलं, मोठ्यानं. तेवढी ओळ गाळावी असं मनात आलतं, पण गाळली न्हाय. तुमच्या बंद दाराचंही वाचलं. त्या रात्री मला तुमचा राग आला न्हाय.

परवाचं पत्र मात्र वाचताना मला पुढं वाचवेना. सासूबाई भाकरी थापत होत्या. "स्वप्नाली त्याला दे" म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या, की पिठाचा हात डोळ्याला लावून बसल्या. विश्वजित गेल्यापासनं या घरात कुणी हसलं नव्हतं. मामा लाजून गोठ्यात निघून गेले. म्हशीशी बोलत बसले.

त्यांनी लपवलं त्याला कारण हाय. सासऱ्यानं सुनेच्या मागं गाडीवर बसायचं, ही आपल्यात रीत न्हाय. सुरुवातीला बसायलाच तयार नव्हते. "मरीन, पण सुनेला खेटून बसणार न्हाय." दूधवाल्याच्या टेम्पोत जायचे, तो टेम्पो बंद झाला. पाय सुजून चप्पल शिरेना तेव्हा सासूबाईंनी घरातली उशी आणली, सीटच्या मधोमध ठेवली आन् म्हणाल्या, "ही घ्या तुमची मर्यादा. बसा." तेव्हा बसले. माझ्याकडनं एक कबूल करून घेतलं, की गावाची वेस सोडल्याशिवाय आन् परत येताना घर आल्याशिवाय हेल्मेट काढायचं न्हाय. गावाला वाटत होतं, कुणीतरी पोरगा ठेवलाय. तुम्हालाही तेच वाटलं.

काल मंगळवार होता. मशीनवरनं उतरल्यावर मामांना गळून जातं. तरी ते मला धरायचे न्हाईत. मागची कॅरिअरची दांडी धरून मागं रेलून बसायचे. पंचगंगेचा पूल ओलांडला आन् मला मागचं वजन हललेलं जाणवलं. ब्रेक मारून पाय टेकला, हात मागं टाकला, तर त्यांचं जर्किन मुठीत आलं. त्यांना भोवळ आलती. मी त्यांना धरलं, पण उशी सुटली. मागनं आलेल्या ट्रकनं तिच्यावरनं चाक नेलं आन् सगळा कापूस हायवेवर उडाला. आत्ती, मी गाडी चालवताना कधी भ्याले न्हाय. काल त्या कापसाकडं बघून भ्याले. तिथं उशीच्या जागी मामा असते.

टपरीवाल्यानं साखरेचं पाणी दिलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दाब उतरलाय, झोपवा थोडं, मग न्या. निघताना मी विचारलं न्हाय. माझी ओढणी त्यांच्या पाठीमागनं घेऊन माझ्या कमरेला दोन गाठी मारून बांधली. डोकं हलत होतं म्हणून हेल्मेट त्यांच्या डोक्यात घातलं. ते म्हणाले, "पोरी, गावात काय तोंड दाखवायचं?" मी म्हटलं, "मामा, तोंड हेल्मेटमध्येच हाय तुमचं." तर हसले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् घट्ट धरला.

भर उन्हाचं आम्ही गावात शिरलो. मी उघड्या डोक्यानं, मागं सासरा बांधलेला. चावडीसमोर सगळे उठून उभे राहिले. एकजण हसला. मला वाटलं, आता मामा मान खाली घालतील आन् शुक्रवारपासनं बसायचे न्हाईत. सगळा जीव माझ्या पाठीत गोळा झालता. तेवढ्यात त्यांनी हेल्मेटची काच वर केली आन् अंगात त्राण नसताना असे ओरडले, की पारावरची कुत्री उठली. "बघताय काय? सून हाय माझी!"

घरापर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता.

आता माझं. बाबा रथसप्तमीला यायचेत. तुमचा शब्द शेवटचा, असं सगळे म्हणतात. मला कुणी विचारलं न्हाय, म्हणून मीच सांगते. मला जायचं न्हाय. मामांची कीव येते म्हणून न्हाय. विश्वजित गेल्यावर मी घरात बसून नुसती भिंतीकडं बघायची. ती स्वप्नाली मला आवडत नव्हती. पहाटे थंडीत गाडी काढते, धुक्यातनं माणूस नेते आन् परत आणते, ही मला आवडते. लग्न करायचं झालं तर करीन, पण मुलगा मी बघणार. आन् गाडी अजून ह्यांच्या नावावर हाय, ती माझ्या नावावर व्हावी. एवढंच मागते.

तुमची,
स्वप्नाली

•

शिरोळ,
३१ जानेवारी

चि. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो आला. आधी मी कपाळाला हात लावला. तुझं लग्न तुझ्याशीच लावायला निघालेली मी शहाणी! मग फोटो घेऊन शालूबाईच्या जावयाकडं गेले आन् त्याच्या नाकापुढं धरला. "हा बघ तुझा पोरगा." तो खाली बसला.

पत्र मी वाचलं, परत वाचलं. कापसाचं वाचून पाणी प्यायले.

मला जे कुणी विचारलं न्हाय ते मीबी तुला विचारलं न्हाय. माझं चुकलंच. आता माझा शब्द विचारशील तर असा हाय, की तुझा शब्द तोच माझा. राहायचं तर राहा. पुढं कवा जावंसं वाटलं तर जा, तेव्हाबी कुणाला हात जोडायला नगंत. फोटोत तुझं कपाळ मोकळं दिसलं. टिकली लावावी वाटली तर लाव. कोण बोललं तर म्हणावं, पारूनं सांगितलंय.

गणपाला वाचून दाखव. गणपा, "पोरगा, पोरगा" करत पानं भरलीस. आता परत कुणापुढं "ही माझा पोरगाच हाय" म्हणालास तर बघ. पोरगा असता तर त्या थंडीत वाकळंत घोरत पडला असता.

आकारामला चार ओळी लिहिल्यात. तो हट्टी हाय, माझ्यासारखाच. काय हुतंय ते कळवा.

पारू

•

कोडोली,
९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
दंडवत. लिहितोय मी, पर जे हाय ते तिच्यापुढं वाचून खरं करून घेतलंय.

पावणं रथसप्तमीला आलं. तुझं पत्र खिशात हुतं, तरी तोंड फुगलेलं. काल मंगळवार. पहाटे मी जर्किन घालतोय, तर पावणं आपली गाडी काढून अंगणात उभं. पोरीला म्हणत्यात, "आज पावण्यांना मी नेतो. तू बॅग भर." मी तानाबाईकडं बघितलं, तानाबाईनं माझ्याकडं. मशीनच्या सुईला भीत न्हाय एवढं भ्यालो.

स्वप्नालीनं हेल्मेट घातलं. म्हणाली, "बाबा, तुमच्या गाडीला मागं धरायला काय न्हाय. मामा माझ्याच मागं बसतील. तुम्ही मागनं या." आन् ओढणी घेतली, मला बांधली, किक मारली. आता मी स्वतःच हात वर करून उभा राहतो, बांधायला सोपं जातंय.

धुकं हुतंच. गगनबावड्याच्या घाटातला गडी तो, त्याला वाटलं कोडोलीचं धुकं काय धुकं हाय. वाठारच्या पुढं आमाला मागं टाकून गेला आन् भलत्याच फाट्याला वळला. पोरगी थांबली, हॉर्न वाजवत राहिली, बाप आवाजावर परत आला. मग मात्र गुमान आमच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून आला.

संचारबंदी सैल झालीया, पर आपला पोलीस नाक्यावर हुताच. आमाला नेहमीसारखा हात केला. मागं पावण्यांना आडवलं. "तुमी कुठं?" आकाराम पावण्यांचं सगळं गगनबावड्यात चालतं, हितं काय सांगणार? त्यांनी आमच्याकडं बोट केलं. म्हणाले, "ती पुढं गेली न्हवं, स्प्लेंडरवर? तिचा बाप हाय मी." पोलिसानं कागद विचारला न्हाय, लायसन विचारलं न्हाय. काठी बाजूला घेतली आन् म्हणाला, "नशीबवान हाय राव तुमी. जावा."

दवाखान्याच्या दारात उतरलो तर पावण्यांच्या डोळ्याला पाणी. थंडीचं हाय म्हणत्यात. मी मशीनवर असताना बाहेर लेकीबरोबर चहा घेतला. काय बोलले ते दोघांनीबी मला सांगितलं न्हाय. दुपारी कोडोलीला आलं, जेवलं, रिकामीच बॅग स्वतःच्या हातानं परत कोनाड्यात ठेवली आन् एकटंच निघालं. जाताना म्हणालं, "कागद तिच्या नावावर करायचं मी बघतो. माझ्या वळखीचा एजंट हाय." मी म्हटलं, "तुमी कशाला? सून माझी हाय." तर पावणं गाडी बंद करून खाली उतरलं. "गाडी चालवायला घाटात मी शिकवलीया. पोरगी माझी हाय." मी म्हटलं, "शिकवली असंल, पर धुक्यातनं आणलं मला." शेजारीपाजारी गोळा झालं. तानाबाईनं दोघांनाबी आत हाकललं, परत एकदा चहा झाला.

आजारी माणूस हाय मी अक्का, पर कालपासनं छाती अशी फुगलीया, की जर्किनची चेन लागंना. पावण्यांचा आज परत फोन आलता, परत तेच. पोरगी माझी, पोरगी माझी. तूच काय तो निकाल दे.

गणपा

•

शिरोळ,
१४ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

गणपा आन् आकाराम,
तुमा दोघांचीबी न्हाय. ती तिची हाय. भांडू नगासा.

स्वप्नाली, सवड काढून एक दिवस गाडी घेऊन शिरोळला ये. चार दिवस आधी कळव. मी दार सताड उघडं ठेवून बाहेर कट्ट्यावर बसणार हाय. गल्लीतल्या समद्या बायकांना तुला बघू दे, मला त्यांची तोंडं बघायची हायत.

पारू